घरापासून किती दूर

अजूनही दुपारी पोरं पेपर सोडवत असली, पंखा संथ फिरत असला, की माझी नजर खिडकीबाहेरच्या माळावर जाते. तिथं एक पांढरं कापडी पाल उभं असल्याचा भास होतो. नसतं, मला माहीत आहे. तरी बघते.

गंगाखेडच्या पुढच्या एका गावात मी पाचवीला शिकवते. त्या वर्षी शिष्यवृत्तीच्या जादा तासांसाठी दहा मुलं निवडायची होती. बुद्धिमत्तेचा पेपर मीच काढला, तोही मोठ्या हौसेनं. पुस्तकातली शहरी माणसं काढून आपली घातली. मेंढपाळ घरून मेंढ्या घेऊन निघाला. सहा किलोमीटर उत्तरेला चालला, मग मागं वळून दोन किलोमीटर दक्षिणेला आला. आता तो घरापासून किती दूर आहे? या प्रश्नावर तर मी स्वतःच खूश होते.

वर्गात एका मेंढपाळाची मुलगी होती. पावसाळाभर त्यांचं पाल त्या माळावर असायचं, दिवाळी झाली की ते निघायचे. तिचे वडील आधीच सांगून गेले होते, "मॅडम, नंबर लागला तर पोरीला तिच्या आत्याकडं ठेवतो. न्हाई तर संगं नेतो."

तिनं उत्तर लिहिलं होतं, शून्य. मी लाल फुली मारली. त्या एका गुणानं ती अकराव्या नंबरवर गेली.

शनिवारी यादी लागली. ती पेपर घेऊन टेबलाशी आली. "हे चुकलंय का, मॅडम?"

"चाराचं शून्य होतं का कुठं? लक्ष कुठं असतं तुझं?" मी मान वरसुद्धा केली नाही. ती पेपर टेबलावर ठेवून गेली. कसं काढलंस, एवढं विचारायला माझं काय जात होतं?

सोमवारी ती आली नाही. फळ्यावर पेपर समजावताना मी म्हणाले, शून्य लिहिणाऱ्यानं तर कमालच केली. तिच्या शेजारी बसणारी मुलगी उठली.

"मॅडम, त्यांचं घर घोड्यावर असतंय. मेंढ्या निघाल्या की पाल सोडून लादतेत. मेंढपाळ जाईल तिथं घर बी जातंय. मग दूर कसं होईल?"

कोणी हसलं नाही. मी टेबलावरचा तिचा पेपर उचलून पर्समध्ये टाकला.

सुट्टी होताच तिच्या आत्याचं घर गाठलं. "कालच गेले, मॅडम. फोन बी लागंना. कोणच्या वाटंनं, ते मेंढ्या ठरवतेत."

माळावर गेले. उन्हं कलली होती, पलीकडं ज्वारी हळूहळू हलत होती. तीन दगडांची चूल, लेंड्या, खुंट्यांची भोकं. राखेत बोटं घातली, गार होती. पर्समधून तिचा पेपर काढला, फुलीशेजारी बरोबरची खूण केली आणि रडू आलं.

ती कुठंही असली तरी घरीच होती. शाळेपासून किती दूर गेली, ते मात्र मला काढता येईना.