ठेवणीतला टायर

शनिवारी सकाळी गाडीचा टायर बदलायला उल्हासनगरला, कॅम्प एकला गेलो होतो. टायर बदलला... पण जो लावायला म्हणून नेला होता, तो लागला नाही. तेव्हापासून मनात घोळतंय, म्हणून लिहिते.

गाडी म्हणजे आमची घरगाडी. माझ्या यजमानांनी कंपनीतून व्हीआरएस घेतली, तेव्हा शाळेची एक जुनी मिनीबस विकत घेतली. सीटा काढून त्यात बेड, शेगडी, पाण्याची टाकी, भांडी घासायला छोटंसं सिंक, सगळं स्वतः बसवलं. आमच्या मांजर्लीच्या बिल्डिंगमधले लोक अजून विचारतात, "काय वहिनी, आज घर कुठे चाललं?"

यांना तिच्यातून सांचीला जायचं होतं. जवळ कुठेतरी गाडी लावायची, लांबून स्तूप बघत सकाळचा चहा प्यायचा, एवढीच इच्छा. पण गाडी बारवी धरणाच्या पुढे फारशी गेलीच नाही. आधी यांचं दुखणं, मग हे गेलेच...

आता मुलगी रूपाली म्हणाली, आपण जाऊ. ती गाडी चालवणार, मी आणि माझी नणंद सुमन बरोबर.

तयारी सुरू असतानाच मोरिवलीच्या रस्त्यावर कुठलीशी लोखंडी पट्टी लागून पुढचा डावा टायर बाजूने चिरला. खरं सांगते, मला वाईट वाटलं नाही. कारण यांनी गाडीबरोबरच एक नवाकोरा टायर घेऊन ठेवला होता, "लांबच्या प्रवासाला लावू" म्हणून. रोजची स्टेपनी वेगळी. हा मात्र ताडपत्रीत गुंडाळून बेडखाली, कधी कुणाला हात लावू दिला नाही.

सुमनच्या तर डोळ्यांत पाणीच आलं. म्हणाली, "वहिनी, हाच लाव. दादाच येतोय बघ आपल्यासोबत."

दुकानदार सिंधी, जरा फटकळ. त्याने ताडपत्री सोडली, टायरवरून हात फिरवला आणि बाजूला सारला. "ये नहीं लगेगा, आंटी."

"अहो, नवा आहे तो! रस्त्याला टेकलेला पण नाही," रूपाली म्हणाली.

"नया नहीं है, बेटा. रखा हुआ है."

"आता नवीन घ्या म्हणणार. दुकान आहे ना तुमचं."

"दुकान है तो बोलूंगा ही! जा, दुसरीकडून घे. पण हा मी लावणार नाय."

सुमन माझ्या कानाशी लागली, "बघ हां वहिनी, तिघी बायका बघून बनवतोय आपल्याला."

मी खाली बसले. शाळा माझी लवकर सुटली. नीट वाचायला शिकले ती लग्नानंतर, किराण्याच्या पुड्यांच्या कागदांवरून... तेव्हापासून दिसेल ते वाचते. हे चिडवायचे, "काही मिळालं नाही तर तू टायर पण वाचशील."

तर मी तो टायर वाचला. बाजूवर चार आकडे असतात आणि त्यातले शेवटचे दोन म्हणजे तो बनला ते वर्ष, हे कधीतरी पेपरात वाचलेलं आठवत होतं. ते वर्ष रूपालीच्या बारावीचं निघालं. ती पोरगी आता नोकरीला लागून स्थिरावली आहे...

वरची नक्षी अगदी शाबूत, काळीभोर. पण अंगठ्याने बाजू दाबली, तर थंडीत टाचेला पडतात तशा भेगा उघडल्या. एक नाही, सगळीकडून.

हे कंपनीत मेंटेनन्सला होते. मशीनच्या पट्ट्यावर अशी भेग दिसली की मशीन बंद करायचे. साहेब ओरडायचा, "अरे, चालतोय ना अजून!" हे ऐकायचे नाहीत. म्हणायचे, पट्ट्यासमोर माणूस उभा असतो.

हा टायर दुसऱ्या कुणाचा असता, तर यांनी एका नजरेत बाद केला असता. स्वतःचा म्हणून जमलं असतं का? मला नाही वाटत... हौसेने घेतलेल्या वस्तूला बाद म्हणणं फार जड जातं.

मी वर बघितलं. रूपाली चिडून उभी होती, हातात गाडीची किल्ली. स्टेअरिंगसमोर आता ती बसणार होती.

"नवा दाखवा," मी म्हणाले. सुमनने तोंड फिरवलं.

दुकानदार म्हणाला, "नया स्टेपनी में रखूं? स्टेपनी चाकाला लावतो. इधर सब लोग ऐसाच करतात, चांगला टायर जपून."

"नको. नवा चाकालाच लावा. पळू दे त्याला."

"और ये पुराना? छोड़ दो इधर."

"कापून टाका. माझ्यासमोर."

"अरे आंटी, किसी के काम आएगा."

"म्हणूनच म्हणते. कुणाच्या लेकीच्या गाडीला लागायला नको."

मग त्याने हत्यार घेतलं आणि बाजू कापली. सुमन जवळ आली, माझा हात धरून उभी राहिली. कापलेला टायर तिथेच सोडला, ताडपत्री तेवढी घडी करून घरी आणली.

उद्या सकाळी निघतोय. आज बेडखालची रिकामी जागा पुसून घेतली. वरच्या कप्प्यात यांनी सांचीसाठी घेतलेली चादर मिळाली, दुकानाचं स्टिकर अजून तसंच. काढलं आणि अंथरली.

"अगं, तिथे पोचल्यावर घाल ना," सुमन म्हणाली. "वाटेत धुळीने खराब होईल."

म्हटलं, होऊ दे.