इस्त्रीचा हात

लाँड्रीत दोघी बहिणी शेजारशेजारच्या टेबलांवर उभ्या असायच्या. थोरलीकडे शर्ट, धाकटीकडे चादरी. सुटी झाली की दोघी नदीकाठच्या रस्त्यानं पळायला जायच्या. मालक चिडवायचा, "दिवसभर उभं राहून भागत नाही वाटतं?"

"पाय रुसतात हो उभ्यानं," धाकटी म्हणायची, "जरा फिरवून आणतो त्यांना."

त्या वर्षी दोघींनी पहिल्यांदाच शहराच्या शर्यतीत नाव घातलं होतं. शेवटची रेषा धाकटीचा हात धरून ओलांडायची, हे थोरलीनं मनाशी पक्कं केलं होतं.

शर्यतीच्या आदल्या दिवशी दुपारी धाकटीनं इस्त्री उभी करून ठेवली. "ताई, अंगात कणकण आहे गं. उद्या मी नाही येत."

"झालं सुरू. परीक्षा आली की पोट, मुलाखत आली की डोकं. आता कणकण."

"खरंच गं. हात लावून बघ."

थोरलीनं हातातली कॉलर संपवली आणि तळवा तिच्या कपाळावर ठेवला. कपाळ जेमतेम कोमट लागलं. "काही नाही झालेलं. माझा हात याच्याहून गरम आहे," असं म्हणून ती हसली. धाकटीही हसली, ताई हसली म्हणून.

तो हात सकाळपासून तापलेल्या कापडावरून फिरत होता. त्याला ताप काय कळणार? एवढी साधी गोष्ट, पण तेव्हा थोरलीच्या डोक्यात आलीच नाही.

सकाळी धाकटी मुकाट्यानं बूट बांधून आली. पुलापर्यंत दोघी बरोबर होत्या. मग शेजारची पावलं ऐकू येईनात. थोरलीनं वळून पाहिलं, तर ही कठड्याला टेकून बसलेली. फुगली असेल, थोरलीला वाटलं. "बस तशीच," ती पुटपुटली आणि पुढे गेली. रेषा तिनं एकटीनं ओलांडली. गळ्यात पदक पडलं, तेव्हाही ती रागातच होती.

न्यूमोनिया होता. धाकटी त्यातून उठली, पण छाती कमजोर राहिली. इस्त्रीची वाफ सोसेना, म्हणून मालकानं तिला कपडे द्यायला-घ्यायला काउंटरवर बसवलं. पळायचं तर नावच नको, असं डॉक्टरांनी बजावलं. थोरलीनं आपलेही बूट माळ्यावर टाकले. धाकटीनं ते दोनदा खाली काढून दारात ठेवले. थोरलीनं दोन्ही वेळा परत वर टाकले.

धाकटी तिला कधी एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती, तर थोरलीला बरं वाटलं असतं.

अजूनही काउंटरवरून खोकल्याचा आवाज आला की थोरली इस्त्री बंद करते. नळाखाली हात धरते, बोटं गार पडेपर्यंत. पुसते आणि धाकटीच्या कपाळावर ठेवते.

"ताई, अगं, घसा खवखवतोय फक्त."

"असू दे," थोरली म्हणते, आणि हात तिथेच ठेवते.