वहिनींचे न संपणारे सोमवार

वहिनी गेल्याचा फोन आला तेव्हा मी कौन्सिलच्या ऑफिसात, भिंतींना ओल आल्याच्या तक्रारींवर मीटिंग घेत होते. भाऊजी एरवी दिवसा कधी फोन करत नाहीत, म्हणून बाहेर येऊन घेतला. आयुष्यभर भूलतज्ज्ञ म्हणून काम केलेला माणूस, त्यामुळे वाईट बातमी सांगायची त्यांची रीत ठरलेली, कमी शब्द आणि सपाट आवाज. “अर्चना, सुमन गेली. चहा ठेवला आणि तिथेच खाली बसली... हार्ट.” बस, एवढंच. रडू मला नंतर आलं, घरी पोचल्यावर. त्या कॉरिडॉरमध्ये उभं असताना मात्र डोक्यात पहिल्यांदा आला तो वार. आज गुरुवार. म्हणजे तीन दिवसांपूर्वी सोमवार होता आणि मी त्यांना कुठेही घेऊन गेले नव्हते. त्याच्या आधीच्या सोमवारीही नाही. असे पाच सोमवार गेले होते.

सुमनवहिनी माझ्या थोरल्या जाऊबाई, भाऊजींच्या पत्नी. मी लग्न होऊन इंग्लंडात साउथहॅम्प्टनला आले तेव्हा त्यांना इथे येऊन दहा वर्षं झाली होती. एका प्राथमिक शाळेच्या किचनमध्ये त्या नोकरीला होत्या. दोनशे मुलांच्या बटाट्यांचा लगदा करायचा आणि घरी येऊन दोन माणसांची आमटी करायची, यात त्यांना कधी काही विचित्र वाटलं नाही. मी तशी तिरसट. कुणी प्रेमाने चार प्रश्न विचारले की मला चौकशी वाटते. वहिनींनी ते पहिल्या महिन्यातच ओळखलं आणि प्रश्न विचारणं सोडून दिलं. त्याऐवजी त्या मला कामं सांगायच्या. हे आणून दे, तिकडे सोड, फॉर्म भरून दे. काम सांगितलं की मी कुरकुरत का होईना, येते, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

चार वर्षांपूर्वी त्यांनी निनादच्या, म्हणजे मुलाच्या, लग्नासाठी सोळा सोमवार धरले. नियम त्यांच्या सोयीचे होते. सकाळी चिमूटभर चुरम्याचा नैवेद्य, दिवसभर दूध आणि फळं, संध्याकाळी जेवून उपास सोडायचा. पाचव्या सोमवारी त्यांना डेंटिस्टकडून आणताना आम्ही बंदरातल्या डॉक्सजवळ ट्रॅफिकमध्ये अडकलो. सहा वाजून गेले होते, पोटात दिवसभर अन्न नाही, आणि समोर एका छोट्या खानावळीबाहेर खडूने लिहिलेली पाटी होती: सोमवार स्पेशल, रेड बीन्स अँड राइस. वहिनींचे डोळे चमकले. “अगं, राजमा-भात!” मी म्हटलं, चला. आत दहा टेबलं, प्लॅस्टिकचे टेबलक्लॉथ, प्रत्येक टेबलावर तिखट सॉसच्या चार बाटल्या आणि नॅपकिनऐवजी कागदाची गुंडाळी. वहिनींनी विचारलं, “व्हेज असेल ना गं?” आणि मी कुणालाही न विचारता ठासून सांगितलं, “राजमा-भातात काय घालणार आहेत, वहिनी? व्हेजच असणार.”

अर्धी थाळी संपल्यावर माझ्या काट्याला एक गोल चकती लागली. डुकराच्या मांसाचं, धूर दिलेलं सॉसेज. त्याचे बारीक तुकडे सगळ्या राजम्यात होते आणि ते वहिनी मिटक्या मारत खात होत्या. एरवी त्या मासे, मटण सगळं खायच्या, पण हा सोमवार होता, व्रताचा. मी चाचरत सांगितलं. त्यांनी चमचा खाली ठेवला, पाणी प्यायल्या, थाळीकडे एकदा नीट पाहिलं. “मोडला,” त्या म्हणाल्या. “आता पुन्हा एकपासून. आणि तुझ्यामुळे मोडलाय, तेव्हा सोळाच्या सोळा सोमवार मला उपास सोडायला तू इथे आणायचंस. ही तुझी शिक्षा.” मग थोडं थांबून, “चव मात्र छान आहे हं.”

खानावळीची मालकीण डेल्फीन. ती मूळची अमेरिकेतल्या लुईझियानाची, बोटीवरच्या एका इंग्रज कुकशी लग्न करून इथे आलेली. तिला हा प्रकार कळला तेव्हा तिने कपाळाला हात लावला. तिच्या गावी सोमवार हा कपडे धुण्याचा दिवस. बायकांना चुलीपाशी उभं राहायला वेळ नसायचा, म्हणून रविवारचं उरलंसुरलं हाड घालून राजमा दिवसभर मंद आचेवर ठेवून द्यायचा. वहिनींनी हे सगळं मन लावून ऐकलं आणि तिला आपला सोमवार समजावून सांगितला. त्यांच्या इंग्रजीत शाळेच्या किचनचा खणखणीतपणा होता. पुढच्या सोमवारपासून डेल्फीनने त्यांच्यासाठी वेगळं पातेलं ठेवलं. “नो मीट, नो बोन, नथिंग. जस्ट फॉर यू, मॅम.” हळूहळू वहिनी थेट आत जाऊ लागल्या. गंबो नावाच्या भेंडीच्या दाट रश्शासाठी ती तेलात पीठ पार चॉकलेटी होईपर्यंत भाजते, हे पाहून बाहेर येऊन मला म्हणाल्या, “आमच्याकडे हे करपलं म्हणून मोलकरणीनेसुद्धा टाकून दिलं असतं. आणि वास बघ काय सुटलाय!” मक्याच्या गोडसर ब्रेडबरोबर त्या पर्समधून आणलेलं लिंबाचं लोणचं खायच्या. त्या लोणच्याची डेल्फीनलाही चटक लागली. मग पर्समधली बाटली मोठी झाली.

सोळा सोमवार व्हायला चार महिने लागतात. पहिल्यांदा चौदाव्या सोमवारी वहिनींना आठवलं की दुपारी शेजारणीकडे चुकून बिस्किट खाल्लं. पुन्हा एकपासून. त्या फेरीत निनादचं लग्नही ठरलं आणि झालं. मी म्हटलं, झालं की तुमचं काम. तर म्हणाल्या, आता संसार टिकायला नको का! पुढच्या खेपेला पंधराव्या सोमवारी कॉफीत चुकून मीठ पडलं म्हणे. कॉफीत मीठ! त्याच्या पुढच्या खेपेला खोकल्याचं औषध आडवं आलं. भाऊजींनी कधी त्यात लक्ष घातलं नाही. त्यांना तिखट चालत नाही, त्यांना आठ वाजता वरण-भात आणि बातम्या लागतात. मिलिंद, माझा नवरा, हसून म्हणायचा की तुझी शिक्षा जन्मठेपेची दिसतेय.

मला कधी कळलं? मिठाच्या खेपेलाच. कॉफीतलं मीठ सांगताना त्या माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर बघत होत्या. निनाद कॅनडाला गेलेला, शाळेची नोकरी संपलेली, घरात बोलायला भाऊजी, म्हणजे न बोलणारेच. त्यांना सोमवार संपवायचा नव्हता. आणि खरं सांगायचं तर मलाही नको होता. दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकून मी त्या प्लॅस्टिकच्या टेबलाशी बसायचे, तिखटाने नाक वाहायचं, वहिनी कागदाचा लांबलचक तुकडा फाडून माझ्या हातात द्यायच्या, आणि आठवड्यात पहिल्यांदा मी खळखळून हसायचे. पण हे त्यांना सांगायचं म्हणजे माझं नाक खाली झालं असतं. मी आपली दर सोमवारी गाडीत बसता बसता म्हणायचे, “चला, शिक्षा भोगायला.” चार वर्षं एकच विनोद. त्याही हसायच्या. त्यांना कळत असेल, असं मी धरून चालले.

या वसंतात माझ्या डिपार्टमेंटमधली दोन माणसं नोकरी सोडून गेली आणि त्यांचंही काम माझ्या टेबलावर आलं. एका सोमवारी मी अर्धा तास उशिरा पोचले. वहिनी कोट घालून पायरीवर उभ्या होत्या. गाडीत मी काहीतरी बोलले... काहीतरी का म्हणू, मला शब्दन् शब्द आठवतो. मी म्हटलं, “वहिनी, सोमवार आला की माझ्या पोटात गोळाच येतो. नुसती धावपळ.” त्यांनी रेडिओचा आवाज थोडा वाढवला. पुढच्या सोमवारी जेवण झाल्यावर त्यांनी तोंड पुसलं आणि म्हणाल्या, “सोळा झाले बाई. उद्यापन मी घरीच करीन. सुटलीस.”

माझ्या हिशेबाने तो अकरावा होता. मी मनात मोजत असे, त्यांना पकडायला. म्हणजे ज्या बाईने चार वर्षं पंधराचा एक केला, तिने माझ्यासाठी अकराचे सोळा केले. व्रताच्या बाबतीत खोटं बोलल्या. मला तेव्हाच, त्या टेबलाशीच, हे कळलं. “अकराच झालेत, चोरी पकडली,” एवढं म्हटलं असतं तरी पुरे होतं. मी म्हटलं, “बरं झालं बाई, सुटले एकदाची.” आम्ही निघताना डेल्फीनने विचारलं, नेक्स्ट मंडे? वहिनींनीच मान हलवून नाही म्हटलं आणि तिचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला. घरी सोडलं तेव्हा गाडीतून उतरताना म्हणाल्या, “आता सोमवारी जरा आराम करत जा गं.” आमची शेवटची भेट ती. पुढचे पाच आठवडे फोन झाले, इकडचे तिकडचे. मी आराम केला का? सोमवारी आठपर्यंत ऑफिसात बसून ईमेल उपसल्या.

आता सहा आठवडे झाले. निनाद येऊन दिवस करून गेला. मिलिंद मला समजावतो की हार्टचा आणि तुझ्या बोलण्याचा काही संबंध नाही. ते मलाही कळतं. मला हार्टबद्दल काही म्हणायचंच नाही. एका माणसाला माझी सोबत हवी होती, मला त्याची हवी होती, आणि ते माणूस मला आपलं ओझं वाटतं असं समजून गेलं. याचं काय करायचं ते कुणी सांगत नाही.

गेल्या सोमवारी साडेचारला भाऊजींचा फोन आला. पुन्हा ऑफिसात, पुन्हा दिवसा, म्हणून मी धसकले. पण आवाज सपाट नव्हता. ते अडखळत होते. साठ वर्षांत कुणाकडे काही मागितलं नसावं, तसं बोलत होते.

“अर्चना, तुम्ही दोघी सोमवारी जायचात ना... तिकडे. मला घरात, संध्याकाळचं... तुला वेळ असला तर मला नेशील का? तिखट असतं म्हणतात, पण मी नुसता भात खाईन. तुला त्रास नको. चार-पाच सोमवार फक्त.”

मी उठून कॉरिडॉरमध्ये आले. तोंडाशी आलेला तो जुना विनोद गिळला.

“न्यायचं काय त्यात, भाऊजी? मलाच जायचंय. चार वर्षं मला सोमवारचीच वाट बघायची सवय आहे. तुम्ही सोबत या, मला एकटीला जाववत नाहीये. आणि सोमवार मोजायचे नाहीत. मोजलेले मला चालणार नाहीत.”

मग ते म्हणाले, “कोट घालून बसतो.” मी लॅपटॉप मिटला आणि पाच वाजायच्या आत निघाले.