यंत्र जोडणाऱ्याच्या शेजारी

दुकानात सगळे त्यांना टायपिस्टबाई म्हणत. टाइपरायटर भंगारात जाऊन जमाना लोटला, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. टायपिंग बुडालं तेव्हा बाई टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लागल्या. तिथले फोनही आपोआप लागू लागले, तेव्हा या मोठ्या दुकानात गल्ल्यावर बसल्या.

आता गिऱ्हाइकांनीच सामान स्कॅन करून पैसे भरायची यंत्रं येणार होती. गल्ल्यावरच्या सहाजणींपैकी दोघींनाच त्या यंत्रांवर लक्ष ठेवायला ठेवणार, असं मॅनेजरनं सांगून टाकलं. बाईंचा नवरा आजारपणानं घरी बसलेला, घर चालायचं ते यांच्याच पगारावर. चोपन्नाव्या वर्षी दुसरीकडे कोण दारात उभं करणार?

यंत्रं जोडायला एक तंत्रज्ञ आला. आपल्या मुळावर उठलेल्या माणसाशी बोलायचं नाही, असं पाचजणींनी ठरवलं. टायपिस्टबाईंनी मात्र जेवणाच्या सुट्टीत त्याच्याशेजारी ठाण मांडलं. लाल दिवा का लागतो, कागद अडकला तर झाकण कुठून उघडायचं, गिऱ्हाइकानं एकच वस्तू दोनदा दाखवली तर काय? तो आधी वैतागला, मग सुटका नाही हे ओळखून सांगू लागला.

त्या पाचजणींतल्या एका चष्मेवालीनं त्यांना तोंडावर फितूर म्हटलं. बाईंना ते फार लागलं. तरी दुसऱ्या दिवशी त्यांनी सगळ्यांना शिकायला बोलावलं. आली ती एकटी चष्मेवाली, तीही फुरंगटून.

शेवटी त्या दोघीच राहिल्या. बाकीच्या चौघींना निरोप देताना बाईंना रडू आवरेना. जागा टिकल्याचा आनंदही होत होता, आणि त्याची लाजही वाटत होती.

हत्यारं आवरता आवरता तंत्रज्ञ म्हणाला, "बाई, आता माझीही पाळी आलीय. पुढची यंत्रं हेड ऑफिसातून आपोआप दुरुस्त होणार. तसली यंत्रणा बसतेय तिथं. मला वर्षअखेरीपर्यंतच ठेवणार आहेत."

बाईंनी क्षणभर त्याच्याकडे पाहिलं. त्याचा चेहरा त्यांच्या चांगला ओळखीचा होता. नोकरी जाताना स्वतःचाच दोनतीनदा आरशात पाहिलेला.

"ती बसवायला कोण येणार आहे?"

"कोण जाणे. मी कशाला विचारू?"

"तेच विचारा आधी. आणि तो आला की शेजारी जाऊन बसा. वैतागेल तो, पण उठू नका. तुम्हीही वैतागलाच होतात की."