मोहाच्या झाडाखालची आग

आई गाडीत बसली की माझं डोकं फिरतं. गिअर कधी टाकायचा इथपासून ती मला शिकवते. त्या दिवशी मात्र भंडारा मागे पडलं तरी तिनं तोंड उघडलं नाही. सकाळीच हुकूम सुटला होता, आज संध्याकाळी गावात बैठक आहे, मला पोचलंच पाहिजे, तुला जमत नसेल तर मी एसटीनं जाते. मी निमूट सुट्टी टाकली आणि सगळा राग वाटेतल्या ट्रकवाल्यांवर काढत निघालो.

गाव म्हणजे तिचं माहेर, तिरोड्याहून नागझिऱ्याच्या बाजूला. मी चालायला लागायच्या आतच माझे वडील गेले आणि आई मला घेऊन तिथं परतली. मी वाढलो तो मामाजींच्या घरात. मामाजी म्हणजे तिचे थोरले भाऊ.

बैठक मोहाच्या झाडांची होती. रानातला मोह कोणाच्या सातबाऱ्यावर नसतो, पण कोणतं झाड कोणत्या घराचं हे सगळ्या गावाला पाठ असतं. फुलं गळायला लागायच्या आधी गाव एकदा बसतं आणि वाटणी पक्की करतं. मामाजींच्या घराचंही एक झाड होतं, नाल्याकाठचं, चांगलं डेरेदार. ते गावानं काढून घेतलं, वर मामाजींनी मोहाखाली पाऊल ठेवायचं नाही असंही ठरवलं. कारण एका उन्हाळ्यात मामाजींनी तिथं आग लावली.

तशी आग तेव्हा सगळेच लावायचे. पाचोळ्यात पडलेलं फूल दिसत नाही, म्हणून झाडाखालचा पाला पेटवून द्यायचा, राख झाडून काढायची आणि पहाटे टोपली घेऊन जायचं. त्या दिवशी वारा सुटला. आग नाला ओलांडून शेजाऱ्याच्या गोठ्यापर्यंत गेली आणि दावणीला बांधलेली बैलजोडी जळाली. जंगलखात्याचा नाकेदार मामाजींना घेऊन गेला. ते परत आले तोवर त्यांचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. पुढं त्यांना कोणी मुलगी दिली नाही.

शाळेत पोरं मला आगलाव्याचा भाचा म्हणायची. मी एकदोघांची नाकं फोडली, पण खरा राग मामाजींवरच होता. एवढ्या मोठ्या माणसाला वारा बघता येत नाही? नोकरी लागली, लग्न झालं, तरी तो राग गेला नाही. सणाला जायचो, पाया पडायचो, चार शब्द बोलायचो की झालं.

तिरोड्याच्या वीज केंद्राच्या चिमण्या दिसायला लागल्या तेव्हा आई म्हणाली, "आज भाऊचं झाड वापस मागाचं आहे. थकला तो आता. आपल्या झाडाखाली बसून दोन फुलं वेचू दे त्याले."

"कोण देणार आहे?" मी म्हणालो. "ज्याचे बैल मेले तो अजून बसलाय तिथं."

"देतीन. आग भाऊनं लावलीच नाइ. मी लावली होती."

मी करकचून ब्रेक मारला. मागचा मोटरसायकलवाला आमच्यावर आदळता आदळता वाचला आणि "अबे, मरना है क्या?" म्हणून ओरडत पुढं गेला. शिवीला शिवी दिल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या वेळी मी फक्त गाडी कडेला घेतली.

आई समोर बघत सांगत राहिली. "तू झाडाच्या सावलीत निजला होता. मी पाला पेटवली, अन् वारा फिरला. तुले उचलून मी पळाली. भाऊ बोडीच्या पाण्यात उतरून मासे धरत होता, आग पाहून धावत आला. नाकेदार आला तवा माझ्या हातात झाडू होता, तोंड काळं झालं होतं. त्यानं विचारलं, कोण लावलं? भाऊ म्हणे, मी. आंगावरून पाणी गळत होतं त्याच्या, पण कोणी पाहलं नाइ. मी बोलाले गेली, तं त्यानं माझ्याकडं असं पाहलं का मी चूपच बसली. नवरा नाइ, कडेवर तू. मले नेलं असतं तं तुले कोण पाहलं असतं?"

गाडी कडेला उभी होती. मला एकेक गोष्ट आठवायला लागली. जेवताना माशाचा मोठा तुकडा आधी मामाजींच्या ताटात पडायचा. भाऊबिजेला ओवाळताना आईचे डोळे भरायचे. बिचाऱ्याची कीव येते तिला, असं मी समजत होतो. आईवर चिडावं, ओरडावं असं वाटलं, पण चिडताही येईना. मी पार हादरलो होतो.

चावडीपुढं गाव जमलं होतं. मामाजी नेहमीसारखे सगळ्यांच्या मागं, हातपंपाजवळ बसले होते. आई उभी राहिली आणि मला सांगितलं तसंच, आडपडदा न ठेवता सांगून मोकळी झाली. बैलांचा धनी खर्रा चघळायचा थांबून तिच्याकडे बघत राहिला.

मग मामाजी गुडघ्यावर हात टेकून उठले. "बाई खोटं बोलून राहिली," ते म्हणाले. "भावाची माया आहे तिले. आग मीच लावलो. तुमी आता पुढचं झाड घ्या, जी."

मी आईकडे पाहिलं. तिचं तोंड उघडंच होतं. मी उठून ओरडणार होतो की हा माणूस खोटं बोलतोय, पण मी तर तेव्हा झोपलेलं पोर होतो, माझं कोण ऐकणार? मामाजींचंच खरं धरून म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. सरपंचानं पुढच्या घराचं नाव घेतलं. मामाजींचं झाड मागायचं राहूनच गेलं.

घरी आल्यावर आई त्यांच्या अंगावर धावूनच गेली. "काऊन असं केला, भाऊ? भेटत होतं ना तुले झाड!"

मामाजी चुलीपुढं बसून चहाचं आधण ठेवत होते. लाकूड आत सारून ते म्हणाले, "भेटलं असतं. अन् उद्यापासून लोक तुले बोलले असते. मले सवय पडली त्याची. तू या वयात कवा शिकशीन?"