मधूनच विचारा

"पहिल्यापासून सांगू का, सर?" कावेरीनं विचारलं आणि मी मनातल्या मनात कपाळावर हात मारून घेतला.

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजात व्हायवा चालू होती, म्हणजे तोंडी परीक्षा. कावेरी माझी विद्यार्थिनी. बाहेरून आलेल्या एक्झामिनरचा प्रश्न साधा होता. फ्रिजमध्ये कंडेन्सर काय करतो? बाईसाहेब चॅप्टरच्या पहिल्या वाक्यापासून सुरू झाल्या. एक शब्द इकडचा तिकडे नाही. सरांनी मध्येच अडवलं की पुन्हा पहिलं वाक्य. शेवटी त्यांनी कंटाळून नापास केलं.

इथे चेन्नईत राहिलेल्या विषयाला 'अरिअर' म्हणतात. कावेरीचा हा एकच. ओरगडमच्या एका कार प्लँटमध्ये तिची नोकरी ठरली होती, पण जॉइन होताना एकही अरिअर चालणार नव्हता. फेरपरीक्षा महिन्यावर आलेली.

"सर, पोरगी अभ्यासू आहे हो," मी आमच्या विभागप्रमुखांना म्हटलं.

"तीच तर पंचाईत आहे. आळशाला अभ्यास कर म्हणता येतं. हिला काय सांगणार?"

मी तडक वेस्ट मांबलमला तिच्या घरी गेले. वडील गोपाळराव बँकेतून रिटायर झालेले, घरी मुलांना स्तोत्रं शिकवतात. घराणं तंजावरचं. मराठी जुन्या वळणाची, तमिळ हेलाची. स्तोत्र शिकवायची त्यांची रीत अशी: एक ओळ म्हणायची, मग दोन, चुकलं की पुन्हा पहिल्यापासून. अर्थ पुढे सवडीनं. लेकीनं थर्मल इंजिनिअरिंगचं अख्खं पुस्तक तसंच पाठ केलं होतं.

गोपाळरावांच्या ते लक्षात आलं आणि त्यांचे डोळे भरले. "मीच तिला असं शिकवलों, मॅडम. माझंच चुकलं."

मलाही गलबलून आलं. "चुकलं कुठं? स्तोत्राला तीच रीत. फक्त देव मधूनच प्रश्न विचारत नाही, एक्झामिनर विचारतो. आता तुम्ही विचारा."

"मी? मज इंजिनिअरिंग काय ठाऊक?"

"म्हणूनच तुम्ही."

ठरलं ते असं. हायलायटर बंद. एक टॉपिक वाचायचा, पुस्तक मिटायचं आणि अप्पांना, म्हणजे गोपाळरावांना, घरच्या मराठीत समजावायचं. अप्पांनी वाटेल तिथे अडवायचं. अडलं की तेवढंच पुस्तकात बघायचं आणि तिथूनच पुढे जायचं.

दुसऱ्या दिवशी कावेरीचा रडवेला फोन. "मॅम, अप्पा विचारतात, फ्रिज आतून गार, मग बाजूनं गरम का? पुस्तकात हे वाक्यच नाही."

"नसेना का. डोकं कशाला दिलंय?"

संध्याकाळी पुन्हा फोन. "मॅम, फ्रिज थंडी बनवतच नाही. आतली उष्णता उचलून बाहेर टाकतो. टाकायचं काम कंडेन्सरचं. मी अप्पांचा हात फ्रिजला लावून दाखवलं."

"मग काय म्हणाले?"

"'सेरी, कळलं,' म्हणाले. आणि लगेच पुढचा प्रश्न विचारला."

फेरपरीक्षेला नेमके तेच एक्झामिनर. "फ्रिजमधला गॅस गळला तर?" कावेरी बोलू लागली आणि त्यांनी सवयीप्रमाणे अर्ध्यावर तोडलं. "कॉम्प्रेसर बंद पडेल का?"

ती थांबली.

"लगेच नाही, सर," ती म्हणाली. "तो चालत राहील. पण उष्णता वाहून न्यायला काही उरणार नाही, म्हणून गार होणार नाही." इंग्रजी अडखळत होतं, पण प्रत्येक शब्द तिचा होता.

"कुठल्या पुस्तकात वाचलंस?"

"अप्पांना शिकवलं, सर."

पास झाली. मार्क बेताचेच, पण अरिअर गेला. आता रोज पहाटे कंपनीच्या बसनं ओरगडमला जाते.

परवा गोपाळरावांचा फोन आला. आधी आभार मानले, मग जरा घुटमळले. "मॅडम, पोरगी दमून येते, जेवते, निजते. बोलायला वेळ नाही. कॉम्प्रेसरपर्यंत आलों होतों. पुढचं मज आता कोण सांगणार?"

मुलांना मी आता सांगते, अभ्यास झाला का हे पुस्तकाला विचारू नका. घरात ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही, त्याला शिकवून बघा. फक्त पास झाल्यावर त्याचा तास बंद करू नका.