शेंदराची खोळ

तानुबाई माही चुलतसासू. जानेफळापासून कोसभर आमचं गाव, अन् साऱ्या गावात तिच्याइतकी अबोल बाई नव्हती. काही विचारा, 'हाव' नाहीतर 'नाई', संपलं. अन् हीच बाई टेकडीवरच्या लेण्यात देवीपाशी बसली की तास तास बोले! मले तर बाई रागच ये. आम्ही काय मेलो होतो?

लेणं म्हणजे काळ्या खडकात कोरलेलं देऊळ. चार खांब, आत अंधारी खोली, अन् खोलीत देवच नाई. पांडव कोरून राह्यले होते, तेवढ्यात कोंबडं आरवलं म्हणून देव राहून गेला, असं म्हातारे सांगत. पण दाराशी भिंतीत आमची देवी होती. पिढ्यान्‌पिढ्या शेंदूर चढून तिचे हातपाय, नाकतोंड सारं गुडूप झालेलं. चांदीचे डोळे तेवढे दिसत. तानुबाई दर नवरात्रात तिले लुगडं नेसवे, बांगड्या वाहे.

दुपारी तिथं गारवा असे. पारवे घुमत, खांबांच्या सावल्या हळूहळू सरकत, अन् तानुबाईचा आवाज त्यातच मिसळून जाये. मूल झालं नाई ते, नवऱ्यानं दुसरी केली ते, मायबाप गेले अन् माहेर सरलं ते. मी खांबाआड उभी राहून ऐको. डोळ्यांवर झोप ये, अन् तेच डोळे भरूनही येत.

भाऊ नव्हताच तिले. भाऊबीजेले ती अंगणात उभी राहून चंद्राले ओवाळे.

महाराष्ट्र झाला त्याच्या तिसऱ्या वर्षी, नवरात्राच्या तोंडावर, पाणी मुरून देवीची शेंदराची खोळ धपकन गळून पडली. सारं गाव धावलं. पाह्यतो तर काय! रुंद छाती, डोक्यावर मुकुट, हात गदेवर टेकवलेला. शाळेचे इंद्रभान मास्तर जवळून पाहून म्हणाले, "ही देवी नाही. हा द्वारपाल आहे, देवळाचा राखणदार."

"अवं माय! इतकी वर्षं बाप्याले लुगडं नेसवलं!" भिमाबाई हसता हसता खालीच बसली. मीही हसली, खोटं काऊन बोलू? तानुबाईनं पदर पुढं ओढला अन् खाली मान घालून घरी निघून गेली.

नवरात्र सरलं, ती टेकडीकडं फिरकली नाई. जेवण तुटलं. एक दिवस मी चिडलीच, "आत्याबाई, काऊन असं करून राह्यल्या? दगडच तो!"

"बाईमाणसाचं सारं सांगतलं वं त्याले," ती म्हणली. "परक्या बाप्याले. आता कोणत्या तोंडानं जाऊ? अन् बोलू कोणाशी?"

मी समोरच बसली होती. पण खांबाआडून चोरून ऐकणारीनं कोणत्या तोंडानं म्हणावं, माह्याशी बोला?

भाऊबीज आली. दिवस बुडाला, चंद्राची कोर दिसली, पण अंगणात तानुबाई नव्हती. देव्हाऱ्यापुढचं ओवाळायचं ताटही नव्हतं. मी तशीच लेण्याकडं पळत सुटली.

ती दाराशी दगडावर चढून उभी होती. माहेरी गेल्यावर असतो तसा डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला. निरांजनाच्या उजेडात राखणदार मान जराशी कलवून उभा होता. इतक्या वर्षांत ती कललेली मान आम्हाले दिसलीच नव्हती. तिनं त्याले कुंकू लावलं, ओवाळलं, अन् लहान पोरीवानी हसली.

"मी येडी तुले लुगडं नेसवत राह्यली," ती म्हणली, "अन् बहीण बोलती राहावी म्हणून तू गुपचूप नेसला रे, दादा."